हीच होडी, पण थोडी मोठी: लहान होडीत बदल करण्याआधी

लहान होडीचा आराखडा हाती लागला की बांधणाऱ्याच्या मनात एक इच्छा हमखास येते: होडी हीच, पण थोडी मोठी. किंवा थोडी रुंद. किंवा हीच, पण वर छप्पर आणि मागे इंजिन. यात गैर काहीच नाही. चांगल्या होड्या आधीच्या होड्यांमध्ये बदल करत करतच घडत आल्या आहेत. अडचण एवढीच, की होडीचं एक माप हललं की बाकीच्या गोष्टीही हलतात, आणि सगळ्या सारख्या प्रमाणात हलत नाहीत. कुठली किती हलते ते कळायला मोठं गणित लागत नाही. वही, पेन्सिल आणि वजनकाटा पुरतो.

समजा लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही १० टक्क्यांनी वाढवल्या. पृष्ठभाग २१ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे फळ्या, रंग, इपॉक्सी (लाकूड जोडायचा आणि पाण्यापासून बंद करायचा चिकट राळ) साधारण एक पंचमांश जास्त लागणार. आकारमान ३३ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे होडी एक तृतीयांश जास्त वजन पेलते. कलल्यावर पुन्हा सरळ होण्याची ताकद तर ४६ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे होडी थोडी मोठी करताना खर्च आणि वजन वाढतं, पण स्वभाव फारसा बिघडत नाही.

धोका उलट दिशेला आहे. तीच होडी १० टक्क्यांनी लहान केली तर वजन पेलण्याची क्षमता २७ टक्क्यांनी घटते आणि सरळ होण्याची ताकद ३४ टक्क्यांनी. तिच्यात बसणारा माणूस मात्र होता तेवढाच राहतो. लहान होडीत सगळ्यात जड वस्तू बहुतेक वेळा माणूसच असतो, आणि तो आराखड्याबरोबर आक्रसत नाही. जागा कमी आहे, गाडीवर मावत नाही, म्हणून होडी सगळ्या बाजूंनी छोटी करण्याचा मोह होतो. तो टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. लहान होडी हवी असेल तर लहान म्हणूनच आखलेली शोधा.

फक्त लांबी वाढवायची असेल तर आडव्या चौकटींमधलं अंतर सगळीकडे सारख्या प्रमाणात वाढवा आणि चौकटी आहेत तशाच ठेवा. दहा टक्क्यांपर्यंत हा सगळ्यात निरुपद्रवी बदल आहे. होडी मधोमध कापून सरळ तुकडा घातला तर बाजूंच्या वळणात दोन कोपरे येतात. फळी तिथे नीट वळत नाही आणि पाणीही नीट वाहत नाही.

वजनाची वही

कोणताही बदल करण्याआधी एक वही घाला. प्रत्येक वस्तूपुढे तीन आकडे लिहा: वजन किती, होडीच्या मध्यापासून पुढे किंवा मागे किती अंतरावर, आणि तळापासून किती उंचीवर. होडीचं अंग, वल्ही, नांगर, दोर, इंजिन, इंधन, पाण्याचा कॅन, माणसं. अंदाजाने लिहू नका, वजन करून लिहा. अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो, कारण इपॉक्सी, रंग, स्क्रू, भिजलेले दोर हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

एक उदाहरण घेऊ. पाण्याच्या रेषेवर ४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद होडी. रिकामी ९० किलो, दोन माणसं १५० किलो, सामान २० किलो, एकूण २६०. पाण्याच्या पातळीवर होडीचा जो आडवा काप दिसेल त्याचं क्षेत्रफळ साधारण ३.४ चौरस मीटर धरू. होडी आणखी एक सेंटिमीटर बुडाली तर ती ३४ लिटर पाणी जास्त बाजूला सारते, म्हणजे गोड्या पाण्यात दर ३४ किलोला एक सेंटिमीटर. समुद्राचं पाणी किंचित जड असल्यामुळे तिथे ३५.

आता ७५ किलोचा तिसरा माणूस बसला. होडी सव्वादोन सेंटिमीटर खाली गेली. काहीच नाही, असं वाटतं. पण तो जर मध्यापासून दीड मीटर मागे बसला, तर अशा आकाराच्या होडीत मागचं टोक ८ ते ९ सेंटिमीटर खाली जातं आणि पुढचं टोक वर उचललं जातं. वजन तेवढंच, फक्त जागा बदलली. म्हणून वहीतला दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा. वजनाला अंतराने गुणा, पुढच्या वस्तूंची बेरीज एकीकडे, मागच्यांची दुसरीकडे. दोन्ही बेरजा जवळपास सारख्या यायला हव्यात.

हे सगळ्यात जास्त चुकतं इंजिन बसवताना. इंजिन मागे, इंधनाची टाकी तिच्या नळीपुरती मागे, बॅटरी असेल तर तीही मागे, आणि इंजिनाचा दांडा धरून चालवणारा माणूस आणखी मागे. वल्हवण्यासाठी आखलेल्या होडीचा मागचा भाग अरुंद असतो, त्याला एवढं वजन उचलताच येत नाही. उपाय साधे आहेत. दांड्याला लांब जोड द्या म्हणजे माणूस मध्याकडे सरकतो. टाकी आणि बॅटरी पुढे न्या. लांब नळीचं आणि वायरचं वजन त्या मानाने नगण्य असतं.

रुंदी, उंची आणि कलणं

होडी उलटत का नाही? ती एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, त्यामुळे पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो आणि होडीला परत सरळ करतो. वजन मात्र जिथे आहे तिथूनच खाली ओढतं. वर ढकलणाऱ्या जोराची रेषा होडीच्या मध्यरेषेला ज्या बिंदूत छेदते त्याला मेटासेंटर म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगे यांनी १७४६ मध्ये ही कल्पना मांडली आणि आजही सगळा हिशेब तिच्यावरच चालतो. वजनाचा मध्य या बिंदूच्या खाली असेल तोवर होडी परत सरळ होते. दोघांमधलं अंतर जितकं जास्त तितकी होडी घट्ट, म्हणजे सहज न कलणारी.

हे अंतर वाढवण्याचे मार्ग दोन: मेटासेंटर वर न्या किंवा वजन खाली आणा. मेटासेंटर वर नेते ती रुंदी, आणि इथे रुंदीचा घन लागतो. पाण्याच्या रेषेवरची रुंदी १.२ वरून १.५ मीटर केली, म्हणजे फक्त पाव पट वाढवली, तर कलण्याला होणारा सुरुवातीचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. उलट हिशेबही तितकाच खरा. होडी हलकी पळावी म्हणून ती थोडी अरुंद केली की ती अचानक नाचरी होते आणि बांधणाऱ्याला कळत नाही की एवढ्याशा फरकाने असं कसं झालं.

रुंदीही फुकट मिळत नाही. रुंद, सपाट होडी लाटेला चिकटून राहते, त्यामुळे लाट तिरकी झाली की तीही झटक्याने तिरकी होते, आणि वल्हवायला जड जाते. शिवाय तिचा घट्टपणा सुरुवातीपुरताच असतो. एका मर्यादेपलीकडे ती गेली की एकदम जाते. ती मर्यादा ठरवतो पाण्याच्या वर उरलेला काठ. काठ पाण्याखाली गेला की वाढता विरोध तिथेच खुंटतो, आणि उघड्या होडीत तर पाणी आत यायला लागतं.

काठाच्या उंचीची किंमत ब्रिटिश नौदलाने १८७० मध्ये मोजली. एचएमएस कॅप्टन ही युद्धनौका आराखड्यापेक्षा जड बांधली गेली, त्यामुळे मुळात कमी असलेला काठ आणखी खाली गेला. वर उंच डोलकाठ्या आणि शिडं होतीच. सप्टेंबरमध्ये स्पेनच्या केप फिनिस्टरजवळच्या वादळात ती उलटली आणि साडेचारशेहून जास्त माणसं गेली. तिच्याबरोबर निघालेली, उंच काठाची एचएमएस मोनार्क त्याच वादळातून सुखरूप बाहेर पडली. हिशेबानुसार कॅप्टनचा विरोध सुमारे २१ अंशांवर कमाल होऊन घसरायला लागत होता, मोनार्कचा सुमारे ४० अंशांवर. लहान होडीत ‘थोडं वजन वाढलं तर काय होतं’ असं म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

दुसरा मार्ग, वजन खाली आणण्याचा, आपण स्वतःच बंद करत असतो. छप्पर, उंच खुर्ची, छपरावर ठेवलेलं सामान, सगळं वर जातं. बसलेला माणूस उभा राहिला की त्याच्या वजनाचा मध्य साधारण ४० सेंटिमीटर वर जातो. २६० किलोच्या होडीत ७५ किलोचा माणूस असा उभा राहिला तर सगळ्या होडीचा मध्य ११ ते १२ सेंटिमीटर वर सरकतो. छप्पर घालायचंच असेल तर ते पातळ कापडाचं आणि हलक्या नळ्यांचं असू द्या, आणि वाऱ्यात झटकन दुमडता येईल असं. पत्रा किंवा जाड प्लायवुड वर चढवू नका. बसायची फळी पाच सेंटिमीटर खाली घेतल्याने होणारा फायदा मात्र खाली दगड भरून होणाऱ्या फायद्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि हलका असतो.

हा सगळा घट्टपणा घरच्या घरी मोजता येतो. शांत पाण्यात, वारा नसताना, होडी सैल बांधा. माणसं नेहमीच्या जागी बसवा आणि हलू नका असं बजावा. मधोमध एक मीटर लांबीचा ओळंबा टांगा, खाली आडवी पट्टी ठेवून दोरी जिथे आहे तिथे खूण करा. ओळंब्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं तर तो लवकर स्थिरावतो. आता २० किलोचं वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला बरोबर एक मीटर सरकवा आणि ओळंबा किती हलला ते पट्टीवर मोजा. समजा ८ सेंटिमीटर हलला. २० ला एक मीटरने गुणा, त्याला एकूण वजन २६० गुणिले ०.०८ ने भागा. उत्तर येतं सुमारे ०.९६ मीटर. वजनाचा मध्य मेटासेंटरच्या इतका खाली आहे. बदल करण्याआधी ही चाचणी घ्या, बदल केल्यावर पुन्हा घ्या. नुसत्या एका आकड्यापेक्षा आधीचा आणि नंतरचा फरक जास्त सांगतो.

‘वासा’ या स्वीडिश युद्धनौकेची अशीच चाचणी घेतली होती. तीस खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे पळायला लावलं. जहाज इतकं डोललं की चाचणी मध्येच थांबवावी लागली. पण जहाज थांबवलं नाही. १६२८ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमच्या बंदरातून निघून दीड किलोमीटरही जायच्या आत ते बुडालं. चाचणीचं उत्तर वाईट आलं तर ते ऐकायचं असतं.

वेग

४ मीटरची होडी पाणी कापत जाते तेव्हा तिच्याबरोबर तिची लाटही चालते. वेग वाढला की लाट लांब होते. लाटेची लांबी होडीइतकी झाली की होडी आपल्याच लाटेच्या खोलगटात अडकते आणि पुढे जाण्यासाठी तिला चढ चढावा लागतो. हा वेग काढायला पाण्यातल्या लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि ४.५ ने गुणा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. ४ मीटरसाठी ९. लाटेच्या या अडथळ्याचा पद्धतशीर अभ्यास विल्यम फ्रूड यांनी केला. त्यासाठी त्यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये टॉर्की इथे लांबलचक हौद बांधला आणि त्यात जहाजांची छोटी प्रतिरूपं ओढून पाहिली.

यातून निघणारा व्यवहारी अर्थ असा: वल्हवण्याची होडी ९ च्या वेगासाठी आखलेली असते. तिचा तळ मागे वर वळलेला असतो, म्हणजे पाणी गुपचूप मागे सुटतं. तिला मोठं इंजिन लावलं तर ती वेगाने जात नाही; मागचं टोक पाण्यात बसतं, पुढचं आकाशाकडे जातं आणि इंधन जळतं. पाण्यावर उचलून घसरत जायची असेल तर तळाचा मागचा भाग रुंद आणि सरळ लागतो, आणि होडी हलकी लागते. एका तळातून दोन्ही मिळत नाही. वल्हवायच्या होडीला इंजिन हवं असेल तर दोन-अडीच अश्वशक्ती पुष्कळ झाली.

इंजिनासाठी मागची फळी कापायची वेळ आली तर आधी इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या उभ्या दांड्याची लांबी बघा (हातात धरायचा दांडा वेगळा). आखूड दांड्यासाठी फळीची उंची साधारण ३८ सेंटिमीटर, लांबसाठी ५१. पंख्यावरची सपाट पट्टी तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी. फळीत खाच घेतली की नेमका जिथे वजन जास्त तिथेच काठ खाली येतो. वेग अचानक कमी केला की मागून आलेली आपलीच लाट त्या खाचेतून आत येते. म्हणून खाचेच्या पुढे आडवी भिंत घालून छोटा हौद करा आणि आत आलेलं पाणी परत बाहेर जाईल अशी भोकं मागच्या फळीत ठेवा. मागची फळी बाजूंना आणि तळाला त्रिकोणी आधारांनी बांधायला विसरू नका, कारण इंजिनाचा सगळा जोर तीच झेलते.

शिडाबद्दल थोडक्यात: वल्ह्याच्या होडीवर डोलकाठी उभारली आणि काम झालं असं होत नाही. वारा होडीला आडवं ढकलतो, त्याला अडवायला पाण्यात उभी फळी लागते. शिडाच्या क्षेत्रफळाचा मध्य त्या फळीच्या आणि तळाच्या मध्यापेक्षा थोडा पुढे ठेवा. सुकाणू सोडल्यावर होडी आपणहून वाऱ्याकडे वळून थांबली पाहिजे. ती वाऱ्यापासून दूर पळत असेल तर शीड मागे घ्या किंवा फळी पुढे. आणि पहिलं शीड लहानच असू द्या.

लाकूड, जोड आणि नको ती मजबुती

प्लायवुड ६ मिलिमीटरऐवजी ९ घेतलं तर वजन दीडपट होतं, पण ताठपणा जवळजवळ साडेतीन पट. ऐकायला आकर्षक आहे, पण होडीभर जाड प्लायवुड वापरणं म्हणजे वजनाच्या वहीतला सगळा हिशेब बिघडवणं. फळी वळवली की ती आपणहून ताठ होते, आणि जिथे सपाट पट्टा उरतो तिथे आतून एक हलकी उभी पट्टी चिकटवली की पुरतं. १९६० च्या दशकात आलेली मिरर ही शिडाची होडी पातळ प्लायवुडचे पट्टे तारेने शिवून आणि सांधे फायबरग्लासच्या पट्टीने जोडून बनवायची होती. घरी बांधणाऱ्यांनी ती हजारोंनी बांधली. पातळ म्हणजे कच्ची, असं नाही.

आधाराची पट्टी एकदम संपवू नका. तिचं टोक निमुळतं करत न्या, नाहीतर ती संपते नेमकं तिथेच फळीला चीर जाते. दोन प्लायवुड जोडताना जाडीच्या आठपट लांबीचा तिरकस सांधा घ्या: ६ मिलिमीटरला ४८. कापलेल्या कडा आणि प्रत्येक स्क्रूचं भोक इपॉक्सीने बंद करा, कारण पाणी कडेतूनच शिरतं.

आणि जागा मोकळी व्हावी म्हणून मधली आडवी फळी काढू नका. ती नुसती बसायला नसते. दोन्ही काठांना आत-बाहेर जाण्यापासून तीच धरून ठेवते. काढायचीच असेल तर तिचं काम करणारी चौकट आधी बसवा.

पुठ्ठ्याची होडी

एवढे बदल कागदावर ठरले की एकास दहा मापाची प्रतिकृती जाड पुठ्ठ्यातून करा आणि वॉर्निशने किंवा चिकटपट्टीने पाण्याला बंद करा. मापं दहापट लहान म्हणून वजन हजारपट लहान: २६० किलोच्या होडीची प्रतिकृती सगळं धरून २६० ग्रॅमची हवी. ७५ किलोच्या माणसासाठी ७५ ग्रॅम, आणि तेही योग्य उंचीवर, म्हणजे तळापासून साडेपाच सेंटिमीटरवर. माती किंवा नाणी वापरता येतात. मग टबमध्ये सोडा. मागे बसवा, एका बाजूला बसवा, उभं करा. दोरीने ओढून पाहायची तर लक्षात ठेवा की वेग दहाने नाही, दहाच्या वर्गमुळाने भागायचा असतो. ताशी ९ किलोमीटरच्या जागी सेकंदाला साधारण ८० सेंटिमीटर. मागचं टोक कुठे बसतं, लाट कुठे उठते, हे त्या पुठ्ठ्यात स्पष्ट दिसतं.

होडी पाण्याने भरली तर

आत साठलेलं पाणी नुसतं वजन वाढवत नाही. होडी कलली की ते कललेल्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. याचाही हिशेब रुंदीच्या घनाने चालतो. म्हणून मधोमध उभी भिंत घालून पाण्याचे दोन भाग केले तर त्याचा उपद्रव चौथ्या हिश्श्यावर येतो.

तरंगत ठेवणारा फोम किती लागेल ते असं काढा. लाकूड बहुतेक स्वतः तरंगतं. पाण्याखाली गेलेल्या प्रत्येक किलोमागे फायबरग्लासला साधारण ३३० ग्रॅम, ॲल्युमिनियमला ६३० आणि पोलादाला ८७० ग्रॅम उचल लागते. हलक्या फोमचा एक लिटर सुमारे ९७० ग्रॅम उचलतो. पाणी न शोषणारा, बंद पेशींचाच फोम घ्या. पांढरा थर्मोकोल पेट्रोल लागलं की विरघळतो. फोमची जागा तळाशी नाही. तळाशी भरला तर पाण्याने भरलेली होडी पोट वर करून उलटते. दोन्ही बाजूंना, काठाखाली, शक्य तितका वर आणि बाहेर बसवा, आणि इंजिनापुरता वेगळा हिस्सा मागे.

मग कंबरभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, काठावर एक माणूस ठेवून, होडी मुद्दाम काठोकाठ भरा. माणसांच्या जागी वजनं ठेवा. ती आडवी, सरळ तरंगते का ते बघा, आणि मग बादलीने पाणी उपसून बघा. इंजिनाची खाच किंवा शिडाच्या फळीची उभी फट बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असेल, तर जेवढं उपसाल तेवढंच परत आत येईल. अशा वेळी फटीला वरून घट्ट बसणारं झाकण करा, हौदाची भिंत वाढवा किंवा काठाखालचा फोम वाढवा, आणि पाण्याने भरलेली होडी एकट्या माणसाला उपसून रिकामी करता येईपर्यंत ही चाचणी पुन्हा घ्या.